पॉम्पेई पहिल्यांदा बघताना: उंबरठ्यापासून वाचायचं शहर

दक्षिण इटलीत नेपल्सजवळ असलेलं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर पॉम्पेई तटबंदीच्या आत सुमारे ६६ हेक्टर पसरलेलं आहे. त्यातलं दोन-तृतीयांश शहर उकरून झालंय, उरलेलं अजून मातीखाली आहे. बहुतेक लोक इथे दोन तास देतात. मुख्य चौक (फोरम), प्लास्टरची माणसं आणि एखादं चित्रांचं घर बघतात, आणि बाहेर पडताना म्हणतात, "सगळ्या भिंती सारख्याच." असं होतं, कारण नजर कुठे लावायची ते आधी कुणी सांगितलेलं नसतं. या शहरात महत्त्वाच्या बऱ्याच खुणा पायाशी आहेत: उंबरठे, चाकोऱ्या, पाणवठ्यांच्या झिजलेल्या कडा. त्या ओळखता आल्या तर एका दिवसात बघितलेली दहा ठिकाणंही पुरेशी होतात.

तिकीट, दिवस, पिशवी

नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकीट नावाने निघतं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच तिकिटावर घाला आणि पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटं मुख्यतः दोन प्रकारची आहेत. एक फक्त तटबंदीतल्या शहराचं, दुसरं तटबाहेरच्या व्हिलांसकट. दुसरंच घ्या, कारण भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली रहस्यांची व्हिला त्याशिवाय बघता येत नाही. किमती आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या. साधारण हिशोब असा: एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ९ ते संध्याकाळी ७, शेवटचा प्रवेश साडेपाचला, नोव्हेंबर ते मार्च ९ ते ५, शेवटचा प्रवेश साडेतीनला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी गर्दीत उंबरठे दिसणारच नाहीत, तो दिवस टाळा.

३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, ती दारावर ठेवून जावी लागते. सोरेंटोला जाता जाता सामानासकट पॉम्पेई करायचं ठरवणारे इथेच अडकतात. शिवाय तुम्ही सकाळी एका दाराने शिरून संध्याकाळी दुसऱ्या दाराने निघणार असाल, तर ठेवलेली पिशवी आणायला पुन्हा पहिल्या दाराशी जावं लागेल.

बूट पकडीच्या तळव्याचे हवेत. रस्ते ज्वालामुखीच्याच काळ्या दगडाचे आहेत, दोन हजार वर्षांत घासून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की निसरडे. चपला आणि चाकांची बाबागाडी, दोन्ही इथे निरुपयोगी. चालायला त्रास होत असेल तर अँफिथिएटरच्या (झुंजींच्या खुल्या प्रेक्षागृहाच्या) दारापासून चौकापर्यंत सपाट केलेला वेगळा मार्ग आहे. दारावर त्याचा नकाशा मागा. सावली फारशी नाही. टोपी आणि रिकामी होईल तशी भरता येणारी बाटली घ्या, आतल्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये जावंच लागलं तर नऊच्या ठोक्याला दारात हजर राहा.

गाडी आणि दार

नेपल्सच्या मुख्य स्थानकाखालच्या गारिबाल्डी फलाटांवरून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल सुटते. सोरेंटोकडे जाणारी गाडी पकडा आणि 'पोंपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' या स्थानकावर उतरा. वेळ पाऊण तासाच्या आत-बाहेर. 'स्कावी' म्हणजे उत्खनन, फलकावर हाच शब्द शोधा. याच कंपनीच्या पोज्जोमारिनोच्या गाडीचं 'पोंपेई सांतुआरियो' नावाचं स्थानक वेगळं आहे. चुकून तिथे उतरलात तर घाबरू नका, अँफिथिएटरचं दार तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. गाडीत गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

स्थानकासमोरच पोर्ता मारिना हे दार आहे. सगळे तिथूनच शिरतात, म्हणून सकाळी चौकात गर्दी होते. आमचा सल्ला उलटा आहे. पूर्वेच्या अँफिथिएटर चौकातल्या दाराने आत या, दिवसभर पश्चिमेकडे सरकत जा आणि रहस्यांच्या व्हिलाकडून बाहेर पडा. तिथून स्थानक फार लांब नाही. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही, म्हणून जेवण आतच, चौकाजवळच्या उपाहारगृहात उरका. स्वच्छतागृहंही मोजकीच आहेत, दिसलं की जाऊन या.

आधी राखेचा क्रम समजून घ्या

इसवी सन ७९. व्हेसुव्हियसचा स्फोट दोन टप्प्यांत झाला. हा क्रम लक्षात नसेल तर पुढे काहीच नीट कळत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी राखेचा स्तंभ तीसेक किलोमीटर उंच गेला आणि वाऱ्याने तो आग्नेयेला, म्हणजे पॉम्पेईच्या दिशेने ढकलला. सुमारे अठरा तास शहरावर प्युमिसचा वर्षाव होत राहिला. पाय घासायला वापरतात तसला हा सच्छिद्र, हलका दगड. खडा एकेकटा निरुपद्रवी, पण पावणेतीन मीटर साचल्यावर छपरं कोसळली. घरात थांबलेले बरेच जण त्याखाली सापडले. वरचे मजले इथे जवळजवळ का उरले नाहीत, त्याचं हे मोठं कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तंभ कोसळू लागला आणि तापलेल्या राखेचे नि वायूचे लोट जमिनीलगत धावत आले. त्यांत उरलेले मेले. बारीक राख मृतदेहांभोवती घट्ट बसली, शरीरं कुजली, आत पोकळी राहिली. १८६३ साली उत्खननप्रमुख ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतायला सुरुवात केली. म्हणजे ती माणसं 'दगड झालेली' नाहीत आणि लाव्ह्यात बुडालेलीही नाहीत. पॉम्पेईत लाव्हा आलाच नाही. ते साचे आहेत आणि त्यांच्या आत खरी हाडं आहेत. त्यांच्यासमोर हसत सेल्फी काढू नका.

साच्यांभोवतीच्या कहाण्या मात्र जपून ऐका. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या कुशीतलं मूल अशी एक जोडी वर्षानुवर्षं दाखवली जात होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती 'आई' पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं नातं नसल्याचं दिसलं.

तारीख बहुतेक पुस्तकांत २४ ऑगस्ट अशी मिळेल. स्फोट पाहिलेल्या धाकट्या प्लिनीने पुढे रोमन इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रं लिहिली, त्यांतल्या एका पत्राच्या हस्तलिखितांतून ती आली आहे. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, त्यामुळे ते त्याच वर्षीचं असावं आणि स्फोट ऑक्टोबरअखेरीस झाला असावा, असं आता बरेच अभ्यासक मानतात. प्लिनीची ती दोन पत्रं जाण्यापूर्वी जरूर वाचा. काही पानांचाच मजकूर आहे, आणि प्रत्यक्षदर्शीचं दुसरं असं वर्णन आपल्याकडे नाही.

पत्ता कसा वाचायचा

कोपऱ्यांवर संगमरवरी पाट्या दिसतील. ही पद्धत फिओरेल्लींची आहे, रोमनांची नव्हे. शहराचे नऊ विभाग, प्रत्येक विभागात घरांचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात दारांचे क्रमांक. ६.१२.२ म्हणजे सहावा विभाग, बारावा ठोकळा, दुसरं दार: फॉनचं (रोमन वनदेवाचं) घर. पाट्यांवर विभागाचा आकडा रोमन पद्धतीने असतो. घरांची नावंही बहुतेक आधुनिक आहेत, आत सापडलेल्या वस्तूवरून किंवा चित्रावरून पडलेली. नकाशावर नावापेक्षा आकडे शोधा, वाट चुकत नाही. कुठली घरं आज उघडी आहेत ते दारावरच विचारा. दुरुस्तीमुळे ती आलटून पालटून बंद असतात, आणि ज्या एका घरासाठी आलात तेच बंद निघालं तर दिवसाचा बेत कोलमडतो.

रस्ता आणि पाणी

अँफिथिएटर (इसवी सनपूर्व ७० च्या सुमाराचं, आपल्याला माहीत असलेल्या दगडी अँफिथिएटरांत सर्वांत जुनं) बघून पळालेल्यांच्या बागेत जा. तिथे तेरा साचे आहेत. मग व्हिया देल्लाब्बोंदान्त्सा हा मोठा रस्ता धरा आणि थांबून खाली बघा.

दगडात चाकांचे खोल चर दिसतील. 'चाकोरी' हा शब्द आपण आता 'चाकोरीबाहेरचं' म्हणण्यापुरताच वापरतो. ती मूळची चाकोरी इथे बोटाने मोजता येते. चर खोल असेल तर रस्ता वर्दळीचा, चर अचानक थांबला असेल तर पुढे गाड्यांना मज्जाव. चौकाच्या तोंडाशी उभे दगड रोवून वाहनं अडवलेली आहेत. रस्त्यात मधोमध उंच दगड ठेवलेले दिसतात. पावसाचं नि सांडपाणी रस्त्यावरूनच वाहायचं, म्हणून पलीकडे जायची ही सोय. दोन दगडांमधलं अंतर चाकं जातील इतकं राखलेलं आहे. पदपथाच्या कडेला आरपार भोकं दिसली तर ती बहुधा जनावरं बांधायची.

शहरात चाळीसेक सार्वजनिक पाणवठे सापडले आहेत. दगडी हौदाच्या काठावर, तोटीच्या बाजूला, हात टेकून वाकल्याने पडलेला खळगा शोधा. संपूर्ण पॉम्पेईत आम्हांला सर्वांत जवळची वाटणारी खूण हीच. शेजारी विटांचा उंच खांब असेल तर तो पाण्याचा मनोरा आहे, सुमारे सहा मीटर उंच. व्हेसुव्हियस दाराजवळच्या टाकीपासून दक्षिणेच्या दारापर्यंत शहर तीस मीटरहून जास्त उतरतं. नळ सरळ जोडले असते तर खालच्या भागातल्या शिशाच्या नळ्या दाबाने फुटल्या असत्या. म्हणून पाणी प्रत्येक खांबावरच्या टाकीत चढवून, दाब मोडून पुढे सोडत. पदपथाच्या कडेला शिशाच्या नळ्या अजून उघड्या दिसतात.

याच रस्त्याच्या भिंतींवर लाल रंगात रंगवलेले निवडणुकीचे मजकूर आहेत. दरवर्षी दोन मुख्य अधिकारी आणि दोन त्यांच्या हाताखालचे निवडले जात, आणि 'अमक्याला निवडा' असं शेजारी, धंदेवाले, गिऱ्हाइकं लिहून टाकत. काही मजकूर काचेआड ठेवले आहेत.

उंबरठा सांगतो दुकान की घर

ही युक्ती शिकून घेतली तर अर्धं शहर आपोआप उलगडतं. उंबरठ्याच्या दगडात एका टोकापासून निघालेली लांब खाच असेल तर ते दुकान. त्या खाचेत एकेक उभी फळी सरकवत आणि शेवटच्या जागेत फिरतं दार लावत. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठांत फळ्यांची दुकानं बघितली असतील तर हे लगेच ओळखू येईल. उंबरठ्याला लांब खाच नसून दोन्ही कडांना गोल-चौकोनी खळगे असतील, तर तिथे बिजागरीचं दुपाखी दार होतं, म्हणजे ते घर.

आता १.८.८ ला जा, व्हेतुतियस प्लासिदसचं खाण्यापिण्याचं दुकान. दगडी ओट्यात मातीचे रांजण बसवलेले आहेत. मार्गदर्शक बहुतेकदा सांगतात की त्यांत गरम रस्सा असायचा. विचार करा: रांजण सच्छिद्र, ओट्यात कायमचा चिणलेला. तो धुणार कसा? सुकं धान्य, कडधान्य, सुका मेवा हे जास्त पटतं, आणि त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियममधल्या रांजणांत सुका मालच मिळाला आहे. प्लासिदसच्या एका रांजणात तर हजाराहून जास्त नाणी सापडली. पाचव्या विभागात २०२० मध्ये पूर्ण उकरलेल्या दुकानात मात्र बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगायींचे अवशेष मिळाले, त्यामुळे सगळ्या रांजणांना एकच नियम लावू नये.

बेकरी ओळखायची ती लाव्ह्याच्या दगडाच्या मोठ्या जात्यांवरून. खाली शंकू, वर डमरूसारखा पोकळ दगड, त्यात वरून धान्य. गाढव गोल फिरून तो ओढायचं, म्हणून भोवतीची फरशीही कठीण दगडाची. मोदेस्तसच्या बेकरीत (७.१.३६) १८६२ साली भट्टीत ८१ जळालेले पाव सापडले, आठ फाकी पाडलेले.

चौकाजवळ मापांचा दगडी ओटा चुकवू नका. वेगवेगळ्या आकारांचे खळगे, तळाला भोक. धान्य भरायचं, माप बरोबर झालं की खालून पोत्यात सोडायचं. इथली जुनी ऑस्कन (रोमनांपूर्वीच्या स्थानिक लोकांची) मापं पुढे रोमन मापाला जुळवून घेतलेली त्यात दिसतात. जागेवर प्रतिकृती आहे, मूळ ओटा नेपल्सच्या संग्रहालयात.

घरात शिरल्यावर

क्रम ठरलेला असतो. अरुंद बोळ, मग मधे उघडं छप्पर असलेला चौक, त्याखाली पावसाचं पाणी धरणारा उथळ हौद, समोर मालकाची बैठक, तिच्यामागे खांबांची बाग. वाड्याची सवय असलेल्याला हे परकं वाटत नाही. हौद शोभेचा नव्हे, त्याखाली टाकी असते. तिचं गोल तोंड जवळच सापडेल, त्यावर दोराने पडलेल्या खाचा बघा.

भिंतींची चित्रं चार शैलींत लावतात. ही वर्गवारी जर्मन अभ्यासक ऑगस्ट माऊ यांनी १८८२ मध्ये मांडली. पहिलीत गिलाव्याचे उंचसखल ठोकळे करून महागड्या दगडाचा आभास, तो फॉनच्या घरात. दुसरीत रंगवलेले खांब आणि खोली, ती रहस्यांच्या व्हिलात. तिसरीत सपाट एकरंगी पृष्ठभाग, काडीसारखे बारीक खांब, मध्ये छोटं चित्र. चौथी या सगळ्यांचं भरजरी मिश्रण, ती वेत्तींच्या घरात (६.१५.१). दोन मुक्त गुलामांचं हे घर सुमारे वीस वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. वेळ कमी असेल तर इतर घरं सोडा, हे सोडू नका. लाल रंगाबद्दल एक सावधगिरी: काही भिंती मुळात पिवळ्या होत्या आणि स्फोटाच्या उष्णतेने लाल झाल्या. चित्रांना हात लावू नका, पाठीवरची पिशवीही पुढे घ्या. बोळात ती भिंतीला घासते.

दिसणारी प्रत्येक पडझड व्हेसुव्हियसची नाही. इसवी सन ६२ च्या सुमाराच्या भूकंपानंतर सतरा वर्षं शहराची डागडुजी चालू होती. दगडी भिंतीत मधेच विटांचं ठिगळ ही त्याची खूण. मध्यवर्ती सार्वजनिक स्नानगृहं तर अर्धवट बांधलेलीच गाडली गेली. आणि १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांच्या विमानांतून इथे दीडशेहून जास्त बॉम्ब पडले, तेव्हा काही ठिकाणच्या भिंती नंतर उभ्या केलेल्या आहेत.

शेवटी हर्क्युलेनियम दारातून बाहेर पडा. दोन्ही बाजूंना थडगी आहेत, कारण रोमन कायद्याप्रमाणे दफन वेशीबाहेरच. पुढे रहस्यांची व्हिला. तिथे किमान चाळीस मिनिटं हाताशी ठेवा.

दुसरा दिवस

पॉम्पेईतल्या बहुतेक हलत्या वस्तू नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते मंगळवारी बंद असतं. जमत असेल तर आधी शहर, मग संग्रहालय. वस्तू कुठल्या खोलीतून आली ते डोळ्यांसमोर असलं की ती वेगळीच दिसते. फॉनच्या घरातलं अलेक्झांडरचं मोझेक इथलं, पाच मीटर ऐंशी सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब. घरात जमिनीवर आहे ती प्रतिकृती. आणखी अर्धा दिवस असेल तर लोकलने एर्कोलानो स्कावीला उतरून हर्क्युलेनियम करा. तिथे प्युमिस फारसं पडलं नाही, तप्त लोट आधी पोहोचले आणि सुमारे वीस मीटर थर साचला. म्हणून लाकडी तुळया, जिने, वरचे मजले तिथे टिकले. समुद्रकाठच्या कमानींत सुमारे तीनशे सांगाडे सापडले.

संग्रहालयात 'गुप्त दालना'चा रस्ता विचारून घ्या. तिथे सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. तेव्हाचे उत्खननप्रमुख अमेदेओ माइउरी यांना ती १९३८ मध्ये पॉम्पेईत १.८.५ या घरात सापडली, म्हणजे प्लासिदसच्या दुकानाच्याच ठोकळ्यात. तिला 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मीच असेल असं नाही. मूर्तीत वरून भोक आहे, त्यामुळे ती एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी. तिच्यावर खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं, अक्षर कोरलेलं आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. मूर्ती मराठवाड्यात घडली की वायव्येकडे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेर बघून मग नेपल्सला गेलात तर काचेसमोर उभं राहून केसांची बांधणी, कमरपट्टा आणि पायांतले जाड वाळे या तीन गोष्टी जुळवून बघा. फ्लॅश बंद ठेवा.